उजव्या चाकावरची जागा

शाहूपुरीतल्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर गूळ होता आणि वरच्या मजल्यावर आम्ही. जिना दुकानातूनच वर जायचा, त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चपलेला गूळ चिकटायचा आणि स्वयंपाकघराच्या फरशीवरून चालताना पाय उचलला की बारीक चिकट आवाज व्हायचा. उन्हाळ्यात रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, बाहेरून ओलसर व्हायच्या आणि मुंगळ्यांची रांग जिन्याच्या कठड्यावरून थेट देवघरापर्यंत जायची. सकाळी अप्पांची पूजा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मग खाली गादी. वर अव्वाच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज आणि खाली काट्याच्या दांडीवरून वजन सरकवल्याचा आवाज, दोन्ही एकाच सुमारास सुरू व्हायचे. अव्वा म्हणजे आई. आमची मुळं गडहिंग्लजकडची, घरात नाती कानडी आणि भांडणं मराठी. गिऱ्हाइकाशी मराठी बोलायची आणि ताप आला की कानडीत कण्हायचं, अशी साधारण विभागणी होती.

अप्पा प्रत्येक गोष्ट वजन करून घेत. हा त्यांच्या स्वभावाचा भाग होता की धंद्याचा, हे मला कधी कळलं नाही. रवा काट्यावर चढला की ते आधी बारदानासकट वजन मोठ्यानं म्हणत, मग बारदान वेगळं काढून त्याचं म्हणत. गोणपाटाचं वजन वजा केल्याशिवाय सांगितलेला आकडा त्यांच्या लेखी आकडाच नव्हता. "बारदान इसरला त्यो बुडाला," हे वाक्य आम्ही भावंडं पाढ्यासारखं म्हणू शकत होतो. पुढे वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून काम करताना बातमीदाराच्या मजकुरातून मी विशेषणं काढायचे तेव्हा हे वाक्य आठवायचं. पण हे प्रकरण माझ्याबद्दल नाही. माझ्या थोरल्या भावाबद्दल आहे, आणि एका पांढऱ्या गाडीच्या उजव्या मागच्या चाकाबद्दल.

भाऊ म्हणजे अण्णा. नाव बसवराज, पण नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर. त्यानं इंजिनिअरिंगचा डिप्लोमा अर्ध्यावर सोडला होता आणि हायवेलगतच्या एका टायरच्या दुकानात कामाला जात होता. नव्वदीचं ते दशक निम्मं सरलं होतं. त्या वेळी कोल्हापुरात गाड्यांची संख्या वाढत होती आणि तरुण पोरांना कारखान्यातून आलेलं अरुंद चाक नकोसं झालं होतं. आठशे सीसीच्या छोट्या गाडीखाली, आमची पांढरी गाडीही त्यातलीच, ते सायकलचं वाटतं, असं म्हणायचे. मग चकाकणारी मॅग व्हील, म्हणजे मिश्रधातूची चाकं, आणि रुंद टायर. पुण्याहून घालून आणायचे, मिरवायचे, आणि आठवड्यात परत काढायचे. कारण वळताना किंवा खड्ड्यात टायर वर मडगार्डाला घासायचा. अण्णाचं म्हणणं होतं, टायरचा दोष नाही, बसवणाऱ्याचा आहे.

हा विषय एका रात्रीच्या जेवणात निघाला. झुणका होता, शेंगदाण्याची चटणी होती, अण्णा पहिल्या भाकरीवरच अडला होता. अव्वानं त्यावरून ओळखलं की हा काहीतरी बोलणार आहे.

"अप्पा, बोळातलं पत्र्याचं शेड रिकामंच हाय," तो म्हणाला.

"रिकामं कुठं हाय? बारदान हाय की."

"बारदान माळ्यावर टाकतो. तिथं मी टायरचं काम घालतो."

"पंक्चर काढणार?"

"पंक्चर न्हाय. रुंद टायर बसवायचं. लोकं पुण्याला जात्यात त्यासाठी. हितं कुणी नीट बसवत न्हाय, मग घासतंय."

"काय घासतंय?"

अण्णानं ताटातली भाकरी उचलून वाटीच्या कडेशी उभी धरली. भाकरी म्हणजे टायर, वाटीची कड म्हणजे मडगार्ड. रिकाम्या गाडीत दोन्हींमध्ये जागा असते. माणसं बसली की गाडी खाली दबते आणि कड खाली येते. टायर मूळचा, अरुंद असेल तर आतल्या आत राहतो. रुंद असेल तर बाहेरच्या अंगाला कडेला लागतो. भाकरी वाटीला लागली आणि तिचा तुकडा पडला.

"आणि लागलं तर?" अव्वानं विचारलं.

"टायर कापत जातो. लई झालं तर फुटतो."

"शिव शिव. जेव आधी."

अप्पा जेवून उठले, हात धुतले, टॉवेलला पुसले आणि मग बोलले. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण पुढचे काही आठवडे घरात दुसरं काही चाललं नाही. "दुसऱ्याच्या गाडीवर शिकायचं न्हाय. आपल्या गाडीला घाल. अक्काच्या नातवाचं बारसं हाय. सगळ्यांस्नी घेऊन गडहिंग्लजला जायचं, सगळ्यांस्नी घेऊन यायचं. कुठं घासलं न्हाय तर शेड तुझं. घासलं तर दुसऱ्या दिवशी अरुंद चाकं परत घालायची, गादीवर येऊन बसायचं, आणि ह्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं न्हाय."

"चालतंय," अण्णा म्हणाला. त्यानं उरलेली भाकरी तशीच ठेवली.

त्या दिवसापासून घरात एक प्रकारचं दबकं वातावरण आलं. अण्णा सुट्टीच्या दिवशी बोळात गाडीखाली झोपलेला असायचा. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये किती जागा उरते हे तो पुन्हा पुन्हा बघायचा. जागा बोटांनीच मोजायचा, पट्टी चाकाच्या कमानीत नीट जात नाही म्हणून. मागच्या मडगार्डाची आतली कड दुमडलेली असते. ती पत्र्याची धार टायरकडे तोंड करून उभी असते, आणि घासतं ते तिथंच. ती वर आत चपटी करायची तर टायर आणि कड यांच्यामध्ये एक गोल लाकूड धरायचं आणि गाडी हळूहळू पुढं ढकलायची. चाकाबरोबर लाकूड फिरतं आणि कड दाबत जातं. यासाठी त्यानं घरातलं मुसळ नेलं. पत्र्याचा रंग तडकू नये म्हणून बंबातलं कढत पाणी बादलीनं मडगार्डावर ओतत राहायचं, ते काम माझं. अप्पा अंघोळीला गेले तेव्हा बंब रिकामा होता.

"मुसळ कुठं नेलंस रं?" अव्वा जिन्यावरून ओरडली.

"आणतो की."

"त्या काळ्या चाकाला लावलंस काय? आता त्यानं मी मिरची कुटू?"

मुसळ परत आलं ते चेपलेलं आणि काळं. अव्वानं ते घेतलं नाही.

कड चपटी झाल्यावर अण्णानं तिच्यावर आतून ओला खडू थापला. गाडी फिरवून आणायची आणि बघायचं. खडू पुसला असेल तर टायर लागला, तसाच असेल तर नाही. पांढरा लेप बघून अव्वाला वेगळीच शंका आली. "विभूतीची गोळी न्हाय घेतलीस न्हवं?" तिनं देवघरात जाऊन खात्री करून घेतली आणि परत आल्यावरही तिचा चेहरा सैल झाला नाही.

रिकाम्या गाडीचा खडू पुसला जाणार नाही हे उघड होतं. प्रश्न भरलेल्या गाडीचा होता, आणि बारशाच्या आधी घरातली माणसं गाडीत बसवून कावळा नाक्यापर्यंत फिरवणं अप्पांनी मान्य केलं नसतं. तेव्हा अण्णाला काटा सुचला. त्यानं एका रविवारी दुकान बंद झाल्यावर आम्हा सगळ्यांना रव्यांच्या काट्यावर उभं केलं. आधी तो, मग मी. अप्पा स्वतः उभे राहिले, धोतर सावरून, टोपी काढून बाजूला ठेवून. टोपीचं वजन धरू नये असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दांडीवरचं वजन स्वतःच सरकवलं आणि आपला आकडा गिऱ्हाइकाला सांगतात तसा मोठ्यानं सांगितला. अव्वा चढेना.

"मी काय गुळाचा रवा हाय?"

"अगं, गाडीसाठी हाय ते."

"गाडीला काय करायचंय माझं वजन? आणि तुमच्यादेखत तर मुळीच न्हाय."

शेवटी अण्णानं अंदाज धरला आणि अव्वा वर गेल्यावर अप्पांनी हळूच आणखी थोडं धरायला सांगितलं. मग प्रत्येकाच्या वजनाचे रवे काढले आणि गाडीत ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवले. पुढच्या सीटवर अप्पा, मागं डावीकडे अव्वा, उजवीकडे मी. अण्णा एकटा खरा माणूस. गुळाचं हे कुटुंब घेऊन तो रंकाळ्यापर्यंत गेला, वाटेतले सगळे गतिरोधक मुद्दाम जोरात घेतले आणि परत आला. खडू जागच्या जागी होता. एकदा नव्हे, रोज संध्याकाळी असं केलं. प्रत्येक वेळी तो बोळात गुडघ्यावर बसून बॅटरी मारायचा, आणि प्रत्येक वेळी खडू शाबूत असूनही उठताना त्याचा चेहरा पहिल्यासारखाच असायचा. सीटचं कापड मात्र गुळानं कायमचं ओशट झालं. त्या गाडीचा वास मला आजही ओळखता येईल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं मला जिन्यात गाठलं. "सुवी, तू उजव्या मागच्या चाकावर बसतीस. मला पुढं इंजिनच्या आवाजात ऐकू येणार न्हाय. तू कान देऊन बस. घासलं तर असा आवाज येईल," आणि त्यानं खडबडीत भिंतीवर नख ओढलं. "आला तर मला सांगायचं. पण अप्पांना कळता कामा नये."

"काय सांगू?"

"मळमळतंय म्हण. तुला तशीबी गाडी लागतीय."

बारशाला निघताना अव्वानं चारी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. लिंबं चिरडली, गाडी निघाली. पांढरी गाडी रुंद टायरांवर खांदे काढून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसत होती, बोळातले लोक बाहेर येऊन बघत होते. अण्णानं कुणाकडे पाहिलं नाही. मी दरवाजाला कान लावून बसले होते. कागल गेलं, निपाणी गेली. प्रत्येक खड्ड्याला मी कान आणखी दाबायचे. रस्त्याचा आवाज, काचेचा आवाज, अव्वाच्या पिशवीतला डबा, आणि या सगळ्याच्या खाली जो आवाज नाही तो ऐकत राहायचं. तवंदी घाट चढताना खरी अडचण आली. गुळाच्या वासानं आणि वळणांनी मला खरोखर मळमळू लागलं, आणि तेवढंच मला म्हणता येत नव्हतं. तोंड मिटून, डोळे समोरच्या सीटच्या शिवणीवर लावून मी संकेश्वरपर्यंत पोचले. अण्णा आरशातून माझ्याकडे बघत होता आणि माझा चेहरा पाहून त्याचाही चेहरा उतरत होता. तिथं उतरल्यावर मी आधी गटाराशी गेले. तो धावत माझ्या मागं आला.

"घासलं?"

मी मान हलवून नाही म्हटलं आणि उलटी केली. इतक्या आनंदानं माझ्या पाठीवरून कुणी कधी हात फिरवला नव्हता.

गडहिंग्लजला अत्तीचं घर. अत्ती म्हणजे अप्पांची थोरली बहीण, जिला ते अक्का म्हणत. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला वाटावं आपल्यालाच हाक मारली. पाळणा, नाव, गाणी, मग पंगत. गव्हाची हुग्गी म्हणजे खीर, त्यावर तूप, कडक भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा. अण्णा पहिल्यांदाच पोटभर जेवत होता. दोघा-तिघा पाहुण्यांनी गाडीचं चाक बघून त्याला विचारलं होतं, "आमच्या गाडीलाबी बसंल काय?" आणि त्यानं त्यांना भाकरी-वाटीचं उदाहरण देऊन दाखवलं होतं. अप्पा ऐकत होते. ते उठून गेले नाहीत. दुपार अशी गेली की निम्मं काम झालंच आहे आणि उरलेलं निम्मं म्हणजे तोच रस्ता उलटा, असं सगळ्यांना वाटत होतं.

आम्ही हात धुऊन बाहेर आलो तेव्हा डिकी उघडी होती.

अत्तीचा गडी शेंगांचं पोतं आत ढकलत होता. त्याच्या आधी तांदळाचं गेलेलं होतं. मिरच्यांची पिशवी, तूर, चिंच, आणि वर बसवायला एक मोठा भोपळा हातात धरून अत्ती स्वतः उभी होती. अण्णा पायरीवर थांबला. मी त्याच्या शेजारी होते. त्याच्या हातातला टॉवेल हलायचा थांबला. गडहिंग्लजहून कोल्हापूरला गेलेली आमच्या घरातली एकही व्यक्ती, एसटीनं गेली असो की कुणाच्या ट्रकमधून, कधी रिकामी गेलेली नव्हती. हे आम्हाला जन्मापासून ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की काट्यावर एकेकाला चढवताना ते कुणाच्या मनात आलं नाही.

"अत्ती, एवढं नगं," अण्णा म्हणाला. "पुढच्या खेपंला नेतो."

"का रं? गाडी तुझी लई नाजूक हाय?"

"तसं न्हाय..."

"माझ्या भावाला मी रिकामा पाठवू? लोकं काय म्हणतील? हिच्या घरात पिकलं न्हाय म्हणतील."

अप्पा "ब्याडा, ब्याडा" म्हणत राहिले. कानडीतून नको म्हटलं की बहीण ऐकते असं त्यांना वाटायचं. अत्तीनं भोपळा डिकीत बसवला, बसेना म्हणून माझ्या मांडीवर दिला, आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. गाडीचं मागचं अंग खाली बसलेलं मला दिसलं. अण्णाला दिसलंच. अप्पांना दिसलं की नाही हे मी सांगू शकत नाही. त्यांनी बहिणीला नमस्कार केला आणि पुढं जाऊन बसले.

पहिला आवाज संकेश्वरच्या अलीकडे आला. रस्ता डावीकडे वळत होता, गाडी उजवीकडे कलली आणि माझ्या खाली भिंतीवर नख ओढल्यासारखं काहीतरी झालं. अगदी थोडं. मी भोपळ्याला धरून बसले होते. पुढच्या वळणावर पुन्हा, थोडं लांबलेलं.

"अण्णा," मी म्हणाले, "मला मळमळतंय."

आरशात त्याचे डोळे आले आणि गेले. अव्वानं पिशवीतून लिंबू काढून माझ्या नाकाशी धरलं. अप्पा न वळता म्हणाले, "लांब बघ. जवळ बघू नगंस." गाडी थांबली नाही, फक्त तिचा वेग कमी झाला. अण्णा खड्डे चुकवत होता, रस्त्याच्या मधोमध चालवत होता, मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत होते. तो किती अंतर असा गेला हे मला आठवत नाही. मला आठवते ती त्याच्या मानेला घामानं चिकटलेली कॉलर. सपाट सरळ रस्त्यावर आवाज येत नव्हता. असा रस्ता घराच्या दारापर्यंत असता तर शेड त्याचं होतं. पण मध्ये घाट होता, या वेळी उतरणीचा, सगळी वळणं ब्रेकवर घ्यायची, आणि भरलेली गाडी प्रत्येक डाव्या वळणाला त्याच चाकावर झुकणार. घासत गेलेला टायर काय करतो हे जेवताना त्यानंच सांगितलेलं होतं.

घाटाच्या तोंडाशी त्यानं गाडी डावीकडे घेतली आणि बंद केली.

"उतर गं," अव्वा मला म्हणाली. "झाडाखाली जा, मोकळी हो."

"पाणी दे तिला," अप्पा म्हणाले.

सबब तयार होती. दोघांनीही ती त्याच्या हातात दिली होती. मी उतरून झाडाखाली गेले असते, त्यानं तेवढ्यात पोतं पुढं अव्वाच्या पायाशी सरकवलं असतं, काहीतरी केलं असतं. अण्णानं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"तिला काय झालेलं न्हाय," तो म्हणाला. "मागं घासतंय. मघापास्नं घासतंय."

अप्पा उतरले. मागं जाऊन उजव्या चाकाशी उकिडवे बसले. आतली पांढरी कड त्यांनी बोटानं चाचपली. बोट काळं झालं. ते त्यांनी धोतराला न पुसता तसंच समोर धरलं आणि बघत राहिले. आम्ही तिघं त्यांच्याभोवती उभे होतो. घाटातून ट्रक वर येत होते.

"पोतं उतरवून ठेवू हितं," अण्णा म्हणाला. "मी परत येऊन नेतो."

"अक्कानं दिलेलं रस्त्यावर ठेवू?"

"मग?"

अप्पांनी अव्वाकडे पाहिलं. "तू पुढं बस. मागं ही एकटी बसू दे, डाव्या अंगाला." आम्ही तसे बसलो आणि ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. गडहिंग्लज-कोल्हापूर एसटी येताना दिसली तसा त्यांनी हात वर केला. थांबा नव्हता, पण पांढरं धोतर, टोपी आणि कपाळावर विभूती असलेला म्हातारा घाटाच्या तोंडाशी हात करून उभा आहे हे बघून ड्रायव्हरनं ब्रेक मारला. जाता जाता अप्पांनी गाडीच्या खिडकीतून हात घालून माझ्या मांडीवरचा भोपळा उचलला आणि काखेत घेतला.

"चढा पावणं, चढा लवकर," कंडक्टर दारातून म्हणाला. "भोपळ्याचं तिकीट पुरं काढू की अर्धं?"

"पुरं काढ," अप्पा म्हणाले. "त्योच जड हाय."

एसटी लगेच निघाली नाही. अप्पांनी ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं असावं, तिनं अण्णाला पुढं जाऊ दिलं. आम्ही घाट उतरलो तो तिला मागं घेऊन. अण्णाच्या आरशात एसटीची पुढची काच होती आणि काचेमागं, ड्रायव्हरच्या बाजूला, अप्पा उभे होते. एका हातानं दांडी धरलेली, दुसऱ्या काखेत भोपळा. ते वरून आमच्या चाकाकडे बघत होते. अव्वा पुढच्या सीटवर, आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या जागेवर, हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. वळण आलं, गाडी कलली, मी कान दिला. काही नाही. पुढचं वळण. काही नाही. लिंबू माझ्या मुठीत फुटलं आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत आला तरी मी हात हलवला नाही.  निपाणीत एसटी स्टँडकडे वळली आणि आरसा रिकामा झाला.

आम्ही आधी पोचलो. अण्णानं डिकीतलं सामान दुकानात उतरवलं, काट्याशेजारी, आणि पायरीवर बसून राहिला. अव्वानं त्याला वर जेवायला हाक मारली नाही. अप्पा आले तेव्हा दिवेलागण झाली होती. रिक्षा केली नव्हती, स्टँडपासून भोपळा घेऊन चालत आले होते. चपला काढल्या, दुकानाचा दिवा लावला, आणि भोपळा काट्यावर ठेवला. मग तांदळाचं पोतं, मग शेंगांचं, मग पिशव्या. या खेपेला ते आकडा मोठ्यानं बोलले नाहीत. दांडीवरचं वजन सरकवत गेले, एकदा थांबले, आणखी सरकवलं.

"एक माणूस," ते म्हणाले. "डिकीत एक माणूस बसलं हुतं आणि आपण त्याला धरलं न्हाय."

अण्णा उठून उभा राहिला. "उद्यापास्नं गादीवर येतो."

अप्पांनी टोपी काढून खुंटीला लावली. काटा मोकळा करायला सुरुवात केली. शेंगांचं पोतं उचलायला अण्णा पुढं झाला, दोघांनी ते दोन बाजूंनी धरलं.

"ह्या काट्यावर मीबी उभा हुतो की," अप्पा म्हणाले. "टोपी काढून उभा हुतो. टोपीचं वजन धरलं न्हाय, आणि भनीचं पोतं इसरलो." पोतं भिंतीशी टेकलं. "शेडातलं बारदान सकाळी माळ्यावर टाक. गिऱ्हाईक यायच्या आधी."

 अण्णा वर आला आणि ताटावर बसला. अव्वानं त्याच्या भाकरीवर लोणी घातलं. तिसरी भाकरी त्यानं मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात त्यानं मडगार्डाची कड पुन्हा मुसळानं दाबली, मागं जरा कडक स्प्रिंग घातली आणि गुळाच्या कुटुंबाच्या मागं डिकीत आणखी काही रवे ठेवून गाडी फिरवली. मुसळ त्या शेडातच राहिलं. आजही ते खिळ्याला टांगलेलं आहे, खाली चेपलेलं, वर अव्वाच्या हातानं गुळगुळीत झालेलं. दुकान आता मोठं आहे, मशिनं आहेत, टायरचं माप संगणकावर निघतं. पण गिऱ्हाईक आलं, कितीही मोठी गाडी घेऊन आलं, तरी अण्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "जाताना किती जण बसता ते ऱ्हाऊ द्या पावणं. येताना काय आणता ते सांगा." शहरातली पोरं गोंधळून बघतात. शाहूवाडी तालुक्यातला माणूस असला तर लगेच सांगतो, "तांदूळ की. दोन पोती तरी." मग अण्णा खुर्चीवरून उठतो आणि त्याच्या चाकाशी जाऊन बसतो.

वर्षभरानं आम्ही पुन्हा अत्तीकडे गेलो आणि भरलेल्या डिकीनं परत निघालो. मी माझ्या जागेवर होते. सबंध वाटेत आवाज आला नाही. घाटाच्या तोंडाशी अप्पा म्हणाले, "थांबीव." अण्णाचा हात गिअरवरच राहिला. त्याला वाटलं त्यांना काहीतरी ऐकू आलं. अप्पा उतरले, मागं गेले, चाकाशी बसून कडेवरून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि परत येऊन बसले. "चल," म्हणाले. त्यानंतर ते असेपर्यंत प्रत्येक खेपेला ते तिथं उतरत. कधी कुणी कारण विचारलं नाही.

आता तो रस्ता रुंद झाला आहे, वळणं पूर्वीसारखी राहिलेली नाहीत, आणि अण्णाच्या नव्या गाडीचं चाक कारखान्यातूनच इतकं रुंद येतं की त्याला काही करावं लागत नाही. तरी गडहिंग्लजहून येताना तो घाटाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतो. उतरून मागं जातो. मी उजव्या चाकावरच्या जागेवर बसून त्याच्या येण्याची वाट बघते. तो येतो, बोट रुमालाला पुसतो, किल्ली फिरवतो. मागून एसटी येत असली तर तिला आधी पुढं जाऊ देतो, आणि मग निघतो.